भाकीत आणि मोजमाप : डॉ. होमी भाभा यांची दुसरी ओळख

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही परिचित आहे. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठीची बालवैज्ञानिक स्पर्धा त्यांच्या नावाने घेतली जाते. ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्राला त्यांचेच नाव आहे. भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक ही त्यांची प्रतिमा जनमानसात इतकी ठसली आहे, की तिच्याआड दडलेली दुसरी ओळख सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जगभरच्या मूलकण भौतिकीच्या प्रयोगशाळांमध्ये मात्र भाभांचे नाव रोज घेतले जाते ते या दुसऱ्या ओळखीमुळे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली असता ते कोणत्या कोनात किती प्रमाणात फेकले जातील, याचे गणित भाभांनी वयाच्या पंचविशीत मांडले. शास्त्रज्ञ त्याला 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. पुढे हेच गणित महाकाय यंत्रांमधील मोजमापाचा प्रमाणित काटा बनले.

सिद्धांताने वर्तविलेला आकडा आणि यंत्राने मोजलेला आकडा जुळला, की शास्त्रज्ञ निश्चिंत होतात. तो जुळला नाही, की खरा पेच पडतो. निसर्गात काही नवे दडले आहे की आपला काटाच खोटा आहे, हे ठरवायचे कसे? भाभांच्या संशोधनाच्या वाटचालीत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे मिळालेली आहेत आणि त्यांतील एक तर त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने मिळाले.

मराठवाड्यालाही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी परभणी जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा साकारायची आहे. भाकीत आणि मोजमाप यांची तुलना हेच तिचेही काम असेल. ज्या अणुऊर्जा विभागाकडे तिची जबाबदारी आहे, त्याची पायाभरणी भाभांनी केली होती.

अभियंता होण्यासाठी गेलेला गणिती

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे कायद्याच्या क्षेत्रातील, तर आजोबा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे टाटा घराण्याशी भाभा कुटुंबाचे निकटचे नाते होते. घरात पुस्तकांचा संग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या होत्या आणि मुलाला चित्रकलेचे शिक्षणही मिळत होते. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा मुंबईतील नामांकित संस्थांमध्ये शिकून १९२७ साली ते केंब्रिजला रवाना झाले.

मुलाने यांत्रिकी अभियंता होऊन परत यावे आणि जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची योजना होती. केंब्रिजमध्ये पाऊल ठेवताच मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. आपला पिंड कारखान्याचा नाही, हे त्याने वडिलांना पत्राने कळविले. वडिलांनी व्यवहारी तोड काढली. आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण व्हावी, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च ते उचलतील. १९३० मध्ये भाभांनी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळविली आणि १९३२ मध्ये गणितातही. अभियांत्रिकीतील ही तीन वर्षे वाया गेली नाहीत. कागदावरचे समीकरण आणि प्रत्यक्षात चालणारे यंत्र या दोहोंची भाषा जाणणारे सैद्धांतिक शास्त्रज्ञ थोडेच असतात. भाभा त्यांपैकी एक होते.

केंब्रिजमधील तो काळही विलक्षण होता. १९३२ या एकाच वर्षात कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांच्या माऱ्याने अणुकेंद्र फोडले. पॉल डिरॅक हे तेथेच गणित शिकवीत होते. शिष्यवृत्तीच्या बळावर भाभांनी युरोपातील संशोधनकेंद्रेही पाहिली. कोपनहेगनला नील्स बोर, झुरिकला पाउली आणि रोमला फर्मी यांच्या सहवासात त्यांनी काळ घालविला. १९३३ साली त्यांचा पहिला शोधनिबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. विषय होता विश्वकिरणांच्या शोषणाचा.

एका टकरीचे गणित

डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे नवे समीकरण मांडले होते. त्यातून ऋण ऊर्जेची उत्तरेही निघत. त्यांचा अर्थ लावताना डिरॅक यांनी अशी कल्पना केली, की अवकाश रिकामे नसून अशा ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी खच्चून भरलेले आहे. गच्च भरलेल्या एसटीतील एखादे बाक मोकळे व्हावे, तशी त्यातील एक जागा रिकामी झाली, तर ती रिकामी जागाच धन विद्युतभाराच्या कणासारखी वागेल. इलेक्ट्रॉनाइतक्याच वस्तुमानाचा हा धनभारित कण असला पाहिजे, हे त्यांनी १९३१ मध्ये स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत तो सापडला. हाच पॉझिट्रॉन.

भाभांनी प्रश्न उपस्थित केला तो येथे. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनाहून सर्वस्वी वेगळा कण असेल, तर या दोघांची टक्कर साधी होईल. दोघे एकमेकांच्या विद्युतक्षेत्राने विचलित होऊन निघून जातील. पण पॉझिट्रॉन म्हणजे खरोखरच रिकामी जागा असेल, तर दुसरीही एक वाट खुली होते. समोरून येणारा इलेक्ट्रॉन त्या जागेत पडेल, दोघेही नाहीसे होतील आणि त्यांच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची नवी जोडी जन्माला येईल. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वाटांचा शेवट सारखाच दिसेल. पुंज सिद्धांतानुसार अशा वेळी दोन वाटांची बेरीज साधी करता येत नाही. पाण्यावरील दोन तरंग एकमेकांत मिसळून कोठे उंचावतात आणि कोठे मावळतात, तसे त्यांचे गणित करावे लागते. भाभांनी दोन्ही शक्यतांची गणिते केली आणि त्यांच्यातील फरक आकड्यांत दाखविला. मंद वेगाच्या टकरींत हा फरक नगण्य होता, परंतु वेगवान कणांच्या बाबतीत तो मोजता येण्याजोगा होता.

हा निबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे मोल सूत्रापुरते नव्हते. डिरॅक यांची कल्पना खरी की खोटी, हे प्रयोगाने ठरविण्याची कसोटी त्यातून हाती आली. मात्र ती कसोटी लावण्याइतकी अचूक साधने त्या काळी नव्हती. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींची समाधानकारक मोजमापे अमेरिकेतील प्रयोगांतून १९५४ च्या सुमारास हाती आली आणि ती भाभांच्या सूत्राशी जुळली. तोवर भाभा हे गणित मागे टाकून ट्रॉम्बे येथील अणुसंस्थेच्या उभारणीत गढून गेले होते.

विश्वकिरणांचा पाऊस आणि न जुळणारा हिशेब

अवकाशातून पृथ्वीच्या वातावरणावर सतत वेगवान कणांचा मारा होत असतो. त्यांतील एखादा कण हवेत शिरला, की त्यापासून एकाएकी शेकडो कणांचा वर्षाव कसा होतो, हे कोडे होते. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याची उकल केली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो, गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, ती जोडी पुन्हा गॅमा किरण टाकते. अशा रीतीने एकाचे दोन, दोनाचे चार होत हा वर्षाव वाढत जातो आणि ऊर्जा संपत आली की ओसरतो. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

वातावरणाच्या कोणत्या थरात किती कण आढळावेत, हे आता गणिताने सांगता येऊ लागले. वरच्या थरांत हिशेब जमला. जमिनीलगत मात्र तो जमेना. शिशाच्या जाड पत्र्यांतूनही काही कण आरपार जात होते. इलेक्ट्रॉन असते तर ते केव्हाच थांबायला हवे होते. अधिक ऊर्जेच्या कणांना पुंज सिद्धांतच लागू पडत नाही, असा तर्क काही शास्त्रज्ञ करीत होते. भाभांनी आकडेवारी बारकाईने तपासून असा युक्तिवाद केला, की दोष सिद्धांताचा नसून या किरणांत इलेक्ट्रॉनाहून जड आणि प्रोटॉनाहून हलके असे वेगळेच कण असले पाहिजेत. अँडरसन आणि नेडरमायर यांच्या प्रयोगांतही त्याच सुमारास असे कण दिसू लागले होते. त्यांनाच आज म्यूऑन म्हणतात. विसंगतीचे पहिले उत्तर हे होते. काटा बरोबर होता, निसर्गात खरोखरच काही नवे होते.

१९३८ मध्ये 'नेचर'मधील एका छोट्या टिपणात भाभांनी आणखी एक भाकीत केले. असे जड कण अल्पजीवी असतील, तर सापेक्षता सिद्धांतानुसार वेगात असताना त्यांचे आयुष्य लांबलेले दिसायला हवे. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या दुपटीहून किंचित अधिक असते. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर अंतर कापता येते. तरीही वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतात. १९४१ मध्ये अमेरिकेत रोसी आणि हॉल यांनी वेगवेगळ्या उंचीवर केलेल्या मोजमापांनी हा परिणाम प्रत्यक्ष दाखवून दिला. या वर्गातील कणांना 'मेसॉन' हे सुटसुटीत नाव सुचविणारेही भाभाच.

बंगळूर ते कुलाबा

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात ते १९४० मध्ये प्रपाठक म्हणून रुजू झाले. टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने तेथे विश्वकिरण संशोधन विभाग सुरू झाला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९४२ मध्ये केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक असे सन्मान त्यांना मिळाले. बंगळूरमध्ये ते निव्वळ गणितात रमले नाहीत. युद्धासाठी भारतात आलेल्या अमेरिकी विमानांतून मोजणीयंत्रे उंचावर पाठवून त्यांनी विश्वकिरणांची मोजमापे घेतली. चुंबकीय विषुववृत्तानजीकच्या आकाशातील आकडे युरोप-अमेरिकेतील आकड्यांशी ताडून पाहणे हा त्यामागील हेतू होता.

युद्ध संपल्यावर परदेशात परतण्याचा विचार हळूहळू मागे पडला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेची मागणी केली. पुढेमागे अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाचे तोंड पाहावे लागू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरमध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षाअखेरीस संस्था मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबची इमारत आणि १९६२ मध्ये कुलाब्याची समुद्रकाठची प्रशस्त वास्तू असा तिचा प्रवास झाला. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या त्या वास्तूच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती लागल्या. झाडे कोठे लावायची आणि बाग कशी आखायची, यांतही संचालक स्वतः लक्ष घालीत.

गुणी माणसे हेरून त्यांच्याभोवती विभाग उभा करायचा, ही भाभांची कार्यपद्धती होती. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे आरंभीच्या काळातच संस्थेत आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते ये-जा करीत. पुढे भाभांशी मतभेद झाले आणि १९६२ मध्ये कोसंबींचा संस्थेशी संबंध संपला. संस्थेने विश्वकिरणांचे संशोधन मात्र सोडले नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सहकार्याने मांडलेल्या प्रयोगात १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. भाभांच्या हयातीतील हा शेवटचा मोठा शोध.

न जुळलेली भाकिते

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याला भारतात सामील व्हायला आणखी पाच आठवड्यांहून अधिक काळ लागायचा होता. १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथील अणुसंस्था आणि अणुऊर्जा विभाग स्थापन झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. नैसर्गिक युरेनियम, त्यातून मिळणारे प्लुटोनियम आणि अखेरीस भारतात विपुल असलेले थोरियम असा तीन टप्प्यांचा आराखडाही भाभांचाच.

या काळात संशोधक भाभा मागे पडले आणि संघटक भाभा पुढे आले. भाकिते करणे त्यांनी थांबविले नाही, पण ती आता समीकरणांतून आलेली नव्हती. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. अणुसंमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असा अंदाज त्यांनी अध्यक्षपदावरून व्यक्त केला. सात दशके लोटली तरी त्या ऊर्जेवर चालणारे वीज केंद्र उभे राहिलेले नाही. भारतात १९८० पर्यंत ८ हजार मेगावॅट अणुवीज निर्माण होईल, हा त्यांचा अंदाजही असाच फसला. प्रत्यक्षात त्या वर्षी तारापूर आणि राजस्थानातील मिळून स्थापित क्षमता त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

यामागील कारणे अनेक होती. परदेशी तंत्रज्ञान, इंधनाचा पुरवठा, १९७४ च्या पोखरण चाचणीनंतरचे निर्बंध आणि खर्चाचे गणित या साऱ्यांचा त्यात वाटा होता. तरीही दोन प्रकारच्या भाकितांमधील फरक नजरेआड करता येत नाही. टकरीच्या गणितात कोणता आकडा आला तर आपण चुकलो, हे भाभांनी आधीच ठरवून दिले होते आणि ते तपासण्याची मोकळीक सर्वांना होती. अणुविजेच्या अंदाजांना तशी खुली तपासणी लाभली नाही. अणुसंशोधन विद्यापीठांपासून तोडून बंदिस्त संस्थांमध्ये एकवटू नये, असा आक्षेप मेघनाद साहा यांनी त्याच काळात घेतला होता. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले तेव्हा देशातील मूलभूत संशोधनाचा मोठा निधी मुंबईसारख्या शहरांतील स्वतंत्र संस्थांकडे वळलेला होता. भाभांनी उभारलेल्या संस्थांचा दर्जा वादातीत आहे, परंतु साहांच्या आक्षेपातील तथ्यही नाकारता येत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे 'कांचनजंगा' हे एअर इंडियाचे बोइंग विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

जिनिव्हाजवळचा काटा

ज्या जिनिव्हाच्या परिसरात भाभांचा अंत झाला, तेथेच त्यांच्या गणिताला नवे आयुष्य मिळाले. 'सर्न' या युरोपीय प्रयोगशाळेने जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचे 'लेप' हे यंत्र बांधले. १९८९ ते २००० या काळात त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परविरुद्ध दिशांनी फिरवून त्यांच्या टकरी घडविल्या जात. त्यातून 'झेड' हा जड कण निर्माण होई. चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख 'झेड' कणांचा अभ्यास केला. त्यांपैकी 'एल-३' या प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते.

येथे एक व्यावहारिक अडचण होती. 'झेड' किती निर्माण झाले हे मोजता येते, पण किती टकरींमागे ते निर्माण झाले हे कसे कळावे? परभणीच्या मोंढ्यात शेतकरी सोयाबीनची थप्पी लावतो, पण हिशेब होतो तो काट्यावर. काट्याचे वजनमापच खोटे असेल तर पुढचे सारे आकडे खोटे ठरतात. 'लेप'मध्ये हा काटा होता भाभा स्कॅटरिंगचा. अगदी लहान कोनात विचलित होणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मोजायच्या, त्या किती असाव्यात हे भाभांच्या सूत्राने काढायचे आणि त्यावरून टकरींचे एकूण प्रमाण ठरवायचे. लहान कोनात जवळजवळ केवळ विद्युतचुंबकीय बलाचाच प्रभाव असतो. जे मोजायचे त्या 'झेड' कणाचा तेथे उपद्रव नसतो, म्हणून हा काटा विश्वासार्ह. मोठ्या कोनात मात्र भाभांनी दाखविलेली दुसरी, नाहीसे होऊन पुन्हा जन्मण्याची वाट ठळक होते आणि 'झेड'चाही प्रभाव दिसतो.

अर्थात १९३६ चे सूत्र जसेच्या तसे पुरेसे नव्हते. टक्कर होताना कण प्रकाशकण बाहेर टाकतात. त्यांच्या सूक्ष्म दुरुस्त्या करण्यासाठी पोलंडचे स्तानिस्लाव यादाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून संगणकीय आज्ञावली तयार केल्या. त्यामुळे सैद्धांतिक गणितातील अनिश्चितता ०.०६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे क्विंटलमागे ६० ग्रॅमपर्यंत खाली आली.

या काट्यावर तोलला गेलेला सर्वांत महत्त्वाचा आकडा होता न्यूट्रिनोंच्या प्रकारांचा. न्यूट्रिनो यंत्रात दिसत नाहीत. त्यांचे प्रकार जितके अधिक, तितके 'झेड'च्या अदृश्य विघटनाचे प्रमाण अधिक आणि दृश्य टकरींचा कमाल आकडा तितका कमी. प्रकार तीन असल्याचे १९८९ मध्ये पहिल्याच मोजमापांत स्पष्ट झाले. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अंतिम आकडा होता २.९८४०, अनिश्चितता ०.००८२. म्हणजे ३ या पूर्णांकापेक्षा तो अनिश्चिततेच्या जवळपास दुपटीने कमी होता. फरक निर्णायक नव्हता, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हता. न्यूट्रिनोंविषयी काही नवे गूढ त्यात असेल काय, याची चर्चा होत राहिली.

उत्तर मिळाले २०१९ आणि २०२० मध्ये. यंत्रातील कणांचे पुंजके एकमेकांसमोरून जाताना त्यांच्या प्रबळ विद्युतक्षेत्रामुळे भाभा स्कॅटरिंगमधील कणांची दिशा किंचित बदलते आणि काही कण मोजणीतून निसटतात, हे संशोधकांनी जुन्या आकडेवारीचा फेरविचार करून दाखविले. टकरींचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का कमी धरले गेले होते. क्विंटलमागे शंभर ग्रॅमची ही तूट होती. ती भरून काढल्यावर आणि सूत्रातील सुधारित दुरुस्त्या लावल्यावर न्यूट्रिनोंचा आकडा २.९९६३ झाला, अनिश्चितता ०.००७४. तीनशी तो उत्तम जुळला. यंत्र बंद होऊन जवळपास वीस वर्षे झाली होती. विसंगतीचे हे दुसरे उत्तर होते. या वेळी निसर्गात नवे काही नव्हते, काट्याच्या वापरातच सूक्ष्म त्रुटी राहिली होती.

म्यूऑनच्या बाबतीतही अलीकडे असाच अनुभव आला. भाभांनी ज्याचा माग काढला त्या या कणाचे चुंबकत्व सिद्धांताने काढलेल्या आकड्याहून वेगळे असल्याचे २०२१ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेने जाहीर केले आणि नव्या बलाच्या शोधाची आशा पालवली. सिद्धांताचा तो आकडा ज्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रयोगांवर विसंबून होता, त्यांतही भाभा स्कॅटरिंगचा आधार घेतलेला असतो. २०२३ मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क येथील मोजमाप आधीच्या प्रयोगांशी जुळले नाही. २०२५ मध्ये सैद्धांतिकांनी महासंगणकांवर काढलेल्या आकड्यांचा आधार घेतला आणि तफावत उरली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये फर्मी प्रयोगशाळेने एक अब्ज भागांत १२७ भाग इतक्या अचूकतेचा अंतिम निकाल प्रसिद्ध केला. मात्र जुने प्रयोग आणि नोव्होसिबिर्स्कचे मोजमाप यांत फरक का पडला, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

औंढा नागनाथची नवी वेधशाळा

भाभांच्या वारशाची एक शाखा मराठवाड्याच्या आकाशातून जात होतीच. टाटा संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेले संशोधनाचे महाकाय फुगे वाऱ्याबरोबर वाहत येतात आणि त्यांची उपकरणे हवाई छत्रीने खाली उतरतात. ती उघडू नयेत, पोलिसांना कळवावे, अशा सूचना मराठवाड्यातील गावांसाठीही निघतात.

आता प्रत्यक्ष भूमीवरच मोजमाप होणार आहे. आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये वर्तविलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांना प्रथम जाणवल्या. त्यांची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये होताच केंद्र सरकारने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली. औंढ्याजवळ काटकोनात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील. लहर जाताना त्यांच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी असतो. अणुऊर्जा विभागाच्या संस्थांबरोबरच डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात उभारलेली 'आयुका' या प्रकल्पात आहे. आयुका ही विद्यापीठांसाठीच स्थापन झालेली संस्था असल्याने साहांच्या जुन्या आक्षेपाला येथे थोडेफार उत्तर मिळते.

या वेधशाळेलाही काटा लागणारच. लेसरच्या प्रकाशाचा अत्यल्प दाब आरशावर पाडून आरसा किती हलला हे पाहिले जाते आणि त्यावरून यंत्राचे प्रमाणीकरण केले जाते. दाबाचे हे माप चुकले, तर कृष्णविवरांचे अंतरही चुकते. औंढ्याच्या यंत्रावर उमटलेली लहर सापेक्षता सिद्धांताच्या भाकिताशी जुळली नाही, तर शास्त्रज्ञांना प्रथम हे प्रमाणीकरण तपासावे लागेल. त्यात दोष सापडला नाही, तरच आइनस्टाइनच्या सिद्धांताकडे बोट दाखविता येईल. जिनिव्हाच्या आकडेवारीत हा क्रम पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली. औंढ्याला तो पहिल्या दिवसापासून पाळता येईल.